वाहन-सिग्नल संवाद प्रणाली

वाहन-सिग्नल संवाद प्रणाली ही चौकातील वाहतूक सिग्नल आणि रस्त्यावरील वाहने यांच्यात बिनतारी संदेशांची देवाणघेवाण घडवून आणणारी यंत्रणा आहे. अशा संदेशवहनाची सोय असलेल्या वाहनांना ‘कनेक्टेड वाहने’ म्हणतात. वर्दळीच्या रस्त्यांवरील खोळंबा आणि चौकांतील अपघात कमी करणे हा या प्रणालीचा मुख्य हेतू आहे.

कार्यपद्धती

सिग्नलच्या नियंत्रकाला जोडलेले रेडिओ उपकरण चौकात बसवलेले असते. ते प्रामुख्याने दोन संदेश प्रसारित करते. ‘स्पॅट’ या संदेशात कोणत्या मार्गिकेसाठी कोणता दिवा लागला आहे व तो केव्हा बदलेल, याची माहिती असते. हा संदेश सेकंदाला साधारणपणे दहा वेळा पाठवला जातो. ‘मॅप’ या संदेशात चौकातील मार्गिकांचा आराखडा असतो. उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान ठरवून वाहन हे दोन्ही संदेश जुळवून पाहते. लाल दिवा ओलांडला जाण्याचा संभव असल्यास चालकाला इशारा मिळतो. वाहनही आपले स्थान, वेग व दिशा प्रसारित करते. मात्र या संदेशात वाहनाचा नोंदणी क्रमांक किंवा मालकाचे नाव नसते.

बससेवेतील वापर

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी परिसरातील रेडवूड रोडवर युटा राज्याच्या परिवहन विभागाने २०१७ मध्ये ही प्रणाली कार्यान्वित केली. वेळापत्रकाच्या मागे पडलेली बस चौकाजवळ येताना सिग्नलकडे प्राधान्याची विनंती करते. शक्य असल्यास हिरवा दिवा काही सेकंद लांबवला जातो किंवा लवकर दिला जातो. वेळेवर धावणाऱ्या बसला ही सवलत मिळत नाही. त्यामुळे आडव्या रस्त्यावरील वाहतुकीला विनाकारण थांबावे लागत नाही.

खासगी मोटारींत आवश्यक उपकरण क्वचितच असल्यामुळे केवळ सिग्नल सुसज्ज करून फारसा लाभ होत नाही. सार्वजनिक बसगाड्यांत मात्र शासकीय यंत्रणांना दोन्ही टोकांची उपकरणे एकाच वेळी बसवता येतात. म्हणूनच या तंत्रज्ञानाचा प्रारंभीचा प्रत्यक्ष लाभ अशा बसमार्गांवर दिसून आला.

रेडिओ लहरींचा प्रश्न

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ७५ मेगाहर्ट्झ लहरी वाहतुकीच्या संदेशवहनासाठी राखून ठेवल्या होत्या. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने त्यांपैकी ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापरासाठी खुल्या केल्या. उरलेल्या ३० मेगाहर्ट्झसाठी ‘डीएसआरसी’ या जुन्या तंत्राऐवजी मोबाइल तंत्रज्ञानावर आधारित ‘सी-व्ही२एक्स’ हे तंत्र स्वीकारण्यात आले. ही दोन्ही तंत्रे परस्परांशी संवाद साधू शकत नाहीत. परिणामी, सार्वजनिक खर्चाने बसवलेली जुनी उपकरणे बदलण्याची वेळ अनेक राज्यांवर आली.

मर्यादा

वाहनांच्या गर्दीनुसार वेळ बदलणाऱ्या सिग्नलवर दिवा नेमका केव्हा बदलेल, हे आधी सांगणे कठीण असते. उंच इमारतींमुळे उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत त्रुटी येऊन मार्गिका चुकीची ओळखली जाऊ शकते. पादचारी आणि सायकलस्वार यांच्याकडे सहसा असे उपकरण नसते. त्यामुळे ही प्रणाली दृश्य सिग्नलला पूरक ठरते. त्याची जागा घेत नाही.