ओट्यावर दोनशे, माजघरात अठरा

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात आमच्या एका आप्तांचे दगडमातीचे जुने घर आहे. भिंती दीड हात रुंद, कोनाड्यांनी पोखरलेल्या, आणि पुढच्या निम्म्या भागावर अद्याप माळवद. या घरी गेल्या वर्षी फायबरची तार आली, सेकंदाला २०० मेगाबिट वेगाचा करार झाला, आणि महिना उलटतो न उलटतो तोच यजमानांनी कंपनीविरुद्ध फिर्याद मांडली : पैसे दोनशेचे घेतात आणि माजघरात मोबाइलवर वेग भरतो अवघा अठरा. माहितगार म्हणून ही कैफियत मजकडे आली. परंतु ती ऐकताना ध्यानात आले की तिच्यात वस्तुस्थितीपेक्षा गृहीतकेच अधिक आहेत, आणि तीही त्यांची एकट्यांची नसून घरोघरची आहेत.

त्यांतले सर्वांत मातब्बर गृहीतक हे, की करारात लिहिलेला वेग म्हणजेच हातातल्या मोबाइलचा वेग होय. कर्जत तालुक्यातल्या माणसाला हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. कुकडीच्या कालव्यात वरून किती पाणी सोडले आणि शेवटच्या चारीवर किती पोचले, या दोन आकड्यांतील अंतर तो पिढीभर सोसत आला आहे. कंपनीची हद्द फायबरच्या पेटीपाशी संपते; तेथून पुढचा मुलूख, म्हणजे आपला राउटर, आपल्या भिंती आणि आपला मोबाइल, हा आपल्याच अमलातला. म्हणून फिर्यादीपूर्वी जाग्यावर पंचनामा करावा : लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो राउटरला तारेने जोडावा आणि मग वेग मोजावा.

आम्ही तसे केले, तो वेग भरला ९४. यजमानांच्या मुद्रेवर दावा जिंकल्याचे समाधान पसरले. पण मला हा आकडाच संशयास्पद वाटला, कारण १०० मेगाबिट क्षमतेच्या जोडणीतून व्यवस्थेचा खर्च वजा जाता निव्वळ एवढाच वेग हाती पडत असतो. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. १००० मेगाबिटसाठी चारही लागतात, १०० साठी दोन पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार आत तुटली तर दोन्ही टोकांची यंत्रे कसलाही बोभाटा न करता १०० वर तडजोड करतात आणि दिवा पूर्ववत लुकलुकत राहतो. पेटी आणि राउटर यांच्या दरम्यानची तार बाजेच्या पायाखाली चिरडली होती. ती बदलताच वेग १९० च्या वर गेला, आणि कंपनीवरील आरोप तेथेच निकालात निघाला. (ज्यांच्या स्वस्त राउटरला मुळातच १०० मेगाबिटचे खाचे आहेत, त्यांनी कोणताही महागडा करार केला तरी ते या चौऱ्याण्णवच्या उंबरठ्यावरच अडणार.) जाता जाता सांगावयाचे, की फाइल उतरवताना दिसणारे मेगाबाइट हे आठपट मोठे माप आहे, दोनशे मेगाबिट म्हणजे सेकंदाला पंचवीस मेगाबाइट, आणि ‘पंचवीसच दाखवतो’ ही तक्रार म्हणजे मणाच्या मापाने मोजून शेरांच्या आकड्याची अपेक्षा करणे होय.

माजघरातील अठरा मात्र अठराच राहिले, आणि तेही मोबाइलवर ‘रेंज फुल’ असताना. त्या उभ्या रेघा केवळ ध्वनीची मोठाई सांगतात. त्या ध्वनीभोवती गलका किती आहे, हे त्या सांगत नाहीत. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून त्यातल्या त्यात बरा पार होतो, परंतु तो गायरानासारखा सर्वांना खुला आहे. भारतात २००५ साली तो परवान्याच्या अटीतून मोकळा झाला, आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी असे सारे तेथेच चरतात. त्यातील चॅनेल तेरा, पण परस्परांवर न चढणारी जेमतेम तीन : १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागलेल्या पेठेत तेथे शांतता कोठून असणार! ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, ज्याचे बहुतांश क्षेत्र आपल्याकडे २०१८ साली मोकळे झाले, तो प्रशस्त आणि वेगवान. परंतु दीड हाताची दगडमातीची भिंत ओलांडताना त्याचा जीव जातो. ओट्याच्या कोनाड्यात, लोखंडी कपाटाच्या आड ठेवलेल्या राउटरचे हे वेगवान बोल माजघरापर्यंत पोचतच नव्हते, आणि मोबाइल निरुपायाने गर्दीच्या पट्ट्याला चिकटून बसे.

‘दहा मोबाइल जोडले की वेग दहा ठिकाणी वाटला जातो’ अशीही एक समजूत आहे. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीच्यांनी थांबावयाचे. हा कारभार थेट कालव्याच्या शेजपाळीसारखा आहे. जे मोबाइल नुसते जोडलेले असून काही मागत नाहीत, ते पाळीही घेत नाहीत. परंतु ज्याची चारी गाळाने भरली आहे त्याचे शेत भिजायला वेळ लागतो आणि पुढचा ताटकळतो, त्याप्रमाणे दूरच्या खोलीत अडखळत बोलणारे एखादे यंत्र भरपूर माहिती मागू लागले, तर सर्वांचा वेळ खाते. त्या यंत्रामुळे इतरांचा वेग त्याच्याइतका उतरतो असे नव्हे. इतरांच्या वाट्याला येणारा वेळ उतरतो. म्हणून भिंतीला टांगलेला टीव्ही वायफायवरून काढून तारेवर घेतला, की मोबाइललाही मोकळा श्वास मिळतो.

यजमानांनी मध्यंतरी दोन उपाय आपल्या मते केले होते. राउटरच्या दांड्या त्यांनी बंदुकीसारख्या माजघरावर रोखल्या होत्या. वस्तुतः दांडीच्या टोकाकडून लहरी सर्वांत कमी निघतात, बाजूंनी अधिक, तेव्हा एकमजली घरात ती उभीच बरी. दुसरा उपाय रिपीटर. हे यंत्र माजघराच्या कोपऱ्यात, जेथे मूळचा आवाजच क्षीण होता तेथे बसविले होते. तो क्षीण आवाज ऐकून पुन्हा त्याच चॅनेलवर उच्चारावयाचा म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा बोलणे, आणि वेग सहज निम्मा होणे. ते आम्ही काढून टाकले, चौकटीच्या कडेने एक चांगली तार माजघरात नेली आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर फक्त वायफायपुरता बसविला.

आता माजघरात नव्या मोबाइलवर दीडशेच्या आसपास वेग भरतो. आजोबांच्या जुन्या मोबाइलवर चाळीसच भरतात, आणि त्यावर इलाज नाही. त्याला एकच अँटेना आणि २.४ चा एकच पट्टा, तेव्हा कागदोपत्री त्याची मर्यादाच ७२ मेगाबिटची, आणि प्रत्यक्षात निम्म्या-अधिकावर समाधान मानावे लागते. पण स्वच्छ चलच्चित्राला साधारण पाच मेगाबिट पुरतात, त्यामुळे त्यांचे सायंकाळचे कीर्तन न अडखळता चालते. यजमानांनी तीनशेचा करार करण्याचा बेत तूर्त तहकूब ठेवला आहे, आणि बाजेचा पाय तारेपासून वीतभर दूर सरकवला आहे.