किरणोत्सर्गी द्रव्ये आणि रोगनिदान

क्ष-किरणचित्रात अवयवाची घडण दिसते. त्याचे कार्य कसे चालले आहे, हे सहसा दिसत नाही. ते पाहावयाचे तर किरणोत्सर्गी द्रव्याची अत्यल्प मात्रा शिरेतून देतात आणि ती कोठे साचते, हे बाहेरून टिपतात. टेक्नेशियम-९९एम योग्य संयुगाशी जोडले असता नवे हाड घडत असेल तेथे जमते. त्यामुळे साध्या चित्रात निसटलेली बारीक चीरही उघडकीस येते. मात्र तो डाग अस्थिभंगाचा की अर्बुदाचा, हे केवळ डागावरून ठरविणे धोक्याचे होय. म्हणून रोग्याला त्याच मंचकावर ठेवून सी.टी. चित्रही घेतात व दोन्ही एकमेकांवर बसवितात. यालाच संकरित प्रतिमाचित्रण म्हणतात.

मुंबईत परळ येथे १९६३ पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. भारतातील पहिले पेट यंत्र २००२ साली तेथे आले. सोबत सायक्लोट्रॉनही आला. तो हवाच होता. पेटसाठी साखरेसारख्या द्रव्याला जोडले जाणारे फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. समजा, ते बंगळूरहून म्हैसूरला न्यावयाचे आहे आणि वाटेत ३ तास ४० मिनिटे गेली, तर चतुर्थांशच उरेल! कर्कपेशी बहुधा साखर अधिक ओढतात, हे या तपासणीचे मर्म. रोगी जेवून आला तर स्नायूच ती ओढून घेतात, चित्र बिघडते. आणि त्याच्यासाठी आणलेली मात्रा उद्यासाठी राखून ठेवता येत नाही.