सुट्टीतली उमेदवारी

परीक्षा आटोपत आल्या की माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलांच्या आयांच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द येतो : इंटर्नशिप. दहावी-अकरावीची मुले महिनाभर एखाद्या सेवाभावी संस्थेत जाणार आणि येताना प्रमाणपत्र आणणार. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला ते उपयोगी पडते म्हणे!

शब्द नवा, पण गोष्ट जुनी. आणि तिला आपल्या भाषेत सुरेख नाव आहे : उमेदवारी. पेढीवर, छापखान्यात माणूस आधी उमेदवारी करी. गवयाच्या घरी तर तंबोरे पुसण्यात आणि वाहून नेण्यातच पहिले दिवस जात. तेवढ्यात कान तयार होई. गळ्याची पाळी मागाहून.

सेवेच्या क्षेत्रात ही उमेदवारी आणली बाबा आमटे यांनी. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिल्यावर त्यांनी 1967 साली मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प हाती घेतला आणि तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. चंद्रपूरकडचा मे महिना, अंगाची लाही करणारे ऊन. सकाळी कुदळ-फावडे, मग विचारांची देवघेव, संध्याकाळी गाणी. सोमनाथची शेती पिकविली ती कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी. ज्यांची कीव करीत जावे तेच तिथे उस्ताद, आणि शहरचा शिकलेला पोरगा उमेदवार! छावणीचे खरे मोल मला यात दिसते.

हाताच्या शिक्षणाचे महत्त्व बडोदेकरांना सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले ते त्यासाठीच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काढावेत, आणि बारावीपर्यंत सुट्टीतही अशी संधी मिळावी, असे सुचविले आहे. काही मुलांना मात्र धोरणाची वाट पाहावी लागत नाही. उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्या मुलखात, कुणबी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तऱ्हेतऱ्हेचे कंद लावीत आली आहेत. तिथले मूल वडीलधाऱ्यांच्या मागे फिरता फिरताच शिकते.

आपल्या मुलांचे तसे नाही. ती पाहुणी म्हणून जातात, आणि धोका आहे तो इथेच. आश्रमातल्या एखाद्या चिमुरड्याला गणित शिकवायला ताई येते, त्याला लळा लावते, आणि 31 मे रोजी प्रमाणपत्र घेऊन नाहीशी होते. ताईच्या खाती एक सेवा जमा झाली; त्या पोराच्या खाती आणखी एक ताटातूट पडली. दुसऱ्याचे दुःख हे काही आपल्या मुलांच्या रियाजाचे वाद्य नव्हे.

म्हणून मुलांना धाडू नका असे मी म्हणत नाही, अवश्य धाडा. पण संस्था गावातलीच पाहा. काम लहान, प्रसंगी कंटाळवाणेही असू द्या : वाचनालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे घालणे, अंध विद्यार्थ्याला धडे वाचून दाखविणे, वृद्धाश्रमातल्या आजोबांची पत्रे लिहिणे. आणि जायच्या आधीच घरात ठरवा, की शाळा सुरू झाल्यावरही रविवारचा एक तास त्या कामाचा राहील. हे कबूल नसेल तर माणसांशी गाठ पडेल असे काम घेऊच नये, पुठ्ठे घालावेत. पुस्तकांना लळा लागत नाही.