अमळनेरचा आत्मविचार : एक मागोवा

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास पाश्चात्त्य विचाराच्या जोडीने व्हावा, हा त्यामागचा हेतू. गिरणीच्या या गावात पुढे देशभरातले अभ्यासक येऊन राहिले. जी. आर. मलकानी यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक येथूनच निघू लागले. १९३३ मध्ये मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचा ‘अज्ञान’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच प्रश्नावर तिघांची तीन मते त्यात शेजारी शेजारी मांडलेली आहेत.

या पर्वातील सर्वांत मौलिक ग्रंथ म्हणजे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ (१९३०). तो अमळनेरच्याच संस्थेने प्रकाशित केला. ‘गाय’ म्हटल्यावर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यापुढे एकच वस्तू येते. ‘मी’चे तसे होत नाही. बोलणारा ‘मी’ म्हणतो तेव्हा ऐकणारा स्वतःला समजत नाही, समोरच्याला समजतो. म्हणून ‘मी’ ही वस्तूंपैकी एक वस्तू नव्हे, असे भट्टाचार्य दाखवतात. आतून जाणवणारे शरीर, प्रतिमा, विचार, भावना, अंतर्निरीक्षण अशा पायऱ्यांनी आत्मा विषयापासून सुटत जातो. हे सुटत जाणे म्हणजेच त्याचे स्वातंत्र्य.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये निराळी वाट रुळत होती. अलेक्झांडर कोजेव्ह यांनी १९३३ ते १९३९ या काळात हेगेलवर व्याख्याने दिली. दुसऱ्याने आपल्याला मान्यता द्यावी, या इच्छेतून माणूस घडतो, हे त्यांचे सूत्र होते. सार्त्र यांनी १९४३ मध्ये कुलपाच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले: मागे पावले वाजतात आणि शरमेच्या त्या क्षणी तो दुसऱ्याच्या नजरेतली वस्तू होतो. मर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये जगल्या जाणाऱ्या शरीराचा विचार मांडला. अनुभवातील शरीराचा प्रश्न भट्टाचार्यांनी पंधरा वर्षे आधीच हाताळला होता. पॉल रिकर यांनी अखेरच्या ग्रंथात (२००४) मान्यतेच्या प्रश्नाचा सविस्तर माग काढला.

अमळनेरच्या विचाराची दिशा अंतर्मुख होती. ‘मी’ कळायला ऐकणारा लागतो, हे भट्टाचार्यांनी ओळखले, पण समाजाने नाकारलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या मांडणीच्या केंद्रस्थानी आला नाही. खानदेशात तो कृतीतून पुढे आला. साने गुरुजी आधी तत्त्वज्ञान मंदिरात आले, मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. सर्वांभूती एकच आत्मा मानायचा आणि काहींना देवळाच्या दाराबाहेर ठेवायचे, ही विसंगती त्यांना सोसवली नाही. मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी पंढरपुरात उपोषण केले. आत्मविचाराला मान्यतेच्या प्रश्नाची जोड मिळाली ती येथे.

‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ १९६० च्या दशकात थांबले. १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ काढून ती परंपरा पुढे नेली, तर ‘परामर्श’ या नियतकालिकाने तत्त्वचर्चेला मराठीत व्यासपीठ दिले.