हिरकणी कक्ष : मातेचा हक्क, समाजाचे कर्तव्य

रायगडावर दूध विकण्यास गेलेल्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कोजागिरीच्या दिवशी सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ भुकेने व्याकूळ झाले असेल, या एकाच विचाराने ती माउली अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांत व शासकीय कार्यालयांत स्तनदा मातांसाठी राखून ठेवलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ हे समर्पक नाव मिाले, ते याच कथेवरून. मात्र हिरकणीच्या धैर्याचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरू नये. तिला कडा उतरावा लागला, कारण दार बंद होते. आजच्या मातेसमोरही ते बंदच असेल, तर नुसत्या नावाचा काय उपयोग?

गरज कशासाठी?

जन्मानंतर पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ सांगतात. नवजात बालकाला चोवीस तासांत साधारणतः आठ ते बारा वेळा पाजावे लागते. म्हणजेच लसीकरणासाठी, रेशनकार्डाच्या कामासाठी किंवा प्रवासासाठी चार तास घराबाहेर पडलेल्या मातेला निदान एकदा तरी बाळाला पाजावे लागणारच. आडोसा नसेल, तर ती बाटलीचा आधार घेते, नाहीतर घराबाहेर पडणेच टाळते. वेळेवर न पाजल्यास स्तनांत दूध साठून वेदना होतात, कधी सूज व ताप येतो आणि पुढे दूधही कमी होऊ लागते. जागेचा हा साधा वाटणारा प्रश्न अशा रीतीने बाळाच्या पोषणाचा प्रश्न बनतो.

कायदा काय सांगतो?

तामिळनाडू शासनाने 2015 साली 352 बसस्थानकांवर अशा खोल्या सुरू केल्या. आग्र्याच्या ताजमहालात 2019 साली अशी सोय झाली. ‘मातृस्पर्श’ या उपक्रमाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2025 रोजी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. विद्यमान सार्वजनिक इमारतींत शक्य तेथे अशी सोय करावी आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच त्यासाठी जागा राखून ठेवावी, या दृष्टीने राज्यांनी पावले उचलावीत, असे न्यायालयाने सुचविले. स्तनपान हा मातेचा तसाच बालकाचाही हक्क असून तो राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी निगडित आहे, ही भूमिका त्यामागे आहे.

फलक पुरेसा नाही

डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या आणि या विषयाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. पुढे 2023 च्या मुंबई अधिवेशनात त्यांनी विधान भवनातील हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार केली. लोकप्रतिनिधीला जो अनुभव येतो, तो सामान्य स्त्रीला किती वेळा येत असेल!

चांगल्या कक्षासाठी फार मोठा खर्च लागत नाही. आतून कडी असलेले दार, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंखा, दिवा, हात धुण्यासाठी पाणी आणि झाकणाची कचराकुंडी एवढे असले तरी पुरे. तो शौचालयात मुळीच नसावा. आपण स्वतः तेथे बसून जेवू काय? बाळाचे लंगोट बदलण्यासाठी कमरेइतक्या उंचीचे, कडा उचललेले व पुसता येईल असे टेबल हवे. मात्र हे टेबल केवळ स्त्रियांच्या बाजूस ठेवणे योग्य नव्हे. बाळाला घेऊन निघालेल्या पित्याने काय करावे? अमेरिकेत 2016 साली झालेल्या कायद्याने केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत स्त्री व पुरुष या दोन्हींच्या प्रसाधनगृहांत ही सोय ठेवण्याचा दंडक घातला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कक्षाची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधत फिरण्याची पाळी मातेवर येऊ नये.

आपली जबाबदारी

आपल्या परंपरेने मातेच्या दुधाकडे संकोचाने पाहिलेले नाही. रोममधील प्रिसिला भुयारातील, मांडीवर बाळ घेतलेल्या मातेचे भित्तिचित्र पवित्र मरियेच्या सर्वांत प्राचीन चित्रांपैकी एक मानले जाते. बेथलेहेममध्ये ख्रिस्तजन्माच्या मंदिराजवळ असलेल्या क्षीरगुहेत आजही माता प्रार्थनेसाठी येतात. पोप फ्रान्सिस यांनी 2014 साली, तसेच पुन्हा 2017 साली, सिस्टाइन चॅपेलमध्ये बालकांना बाप्तिस्मा देताना, बाळ भुकेले असेल तर त्याला निःसंकोचपणे पाजा, असे मातांना सांगितले होते. जगातील एका अतिपवित्र वास्तूत जे उचित ठरले, ते आपल्या चर्चमध्ये अनुचित कसे ठरेल?

मिस्सा चालू असताना रडणाऱ्या बाळाला घेऊन आई बाहेर उन्हात जाऊन उभी राहते, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. प्रत्येक धर्मग्रामात, सभागृहाशेजारी वा कार्यालयालगत, एक लहानशी खोली या कामासाठी देता येईल. मोतमाउलीच्या जत्रेसारख्या गर्दीच्या प्रसंगी तात्पुरता आडोसाही उभारता येईल. महिला मंडळाने त्याची देखभाल करावी, युवकांनी रंगरंगोटी करावी आणि धर्मग्राम परिषदेने सभागृहाच्या दुरुस्तीचा विचार करताना हा विषय अवश्य घ्यावा. मात्र ज्या मातेला आपल्या जागेवर बसूनच बाळाला पाजावेसे वाटेल, तिच्याकडे वळून पाहू नये. तिला खोलीत जाण्याची सक्तीही करू नये. खोली ही तिची सोय आहे, तिला दृष्टीआड करण्याची जागा नव्हे.

बेथलेहेममध्ये एका मातेला उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आपण दर नाताळला ऐकतो. आज आपल्या दारी आलेल्या मातेला जागा देणे आपल्या हाती आहे. ती आपण देऊ या.