पाहुणे गेल्यावर मैदानाचे काय?

परवा वर्गात विषय निघाला. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, स्पर्धा संपल्यावर त्या मैदानांचं काय होतं?’

मला पुण्याचे बालेवाडी आठवले. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते क्रीडासंकुल उभारले गेले आणि २००८ मध्ये तिथेच युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. आहे तेच पुन्हा वापरले, हे शहाणपण. पण पाहुणे गेले तरी दिवे, गवत, तलावाचे पाणी यांचा खर्च थांबत नाही. त्याची तरतूद आधीच हवी. लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी उतरवता येतो, स्टेडियम नाही.

मग मी उलट विचारले, ‘फडेप्पा चौगुले कोण?’ वर्ग गप्प. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून एकोणिसावे आलेले आपल्या बेळगावचे धावपटू! अर्थात, मलाही हे चाळिशीतच कळले.

वारसा म्हणजे नुसते सिमेंट नव्हे. पहाटे मैदानाचे फाटक उघडे हवे आणि आत पळणाऱ्या निपाणीच्या पोरीला चौगुले ठाऊक हवेत. पहिले काम सरकारचे. दुसरे आम्हा शिक्षकांचे. त्याला निधी लागत नाही.