धूम्रपान सोडविणारी औषधे आणि त्यांचा त्रास

धूम्रपान सोडण्यासाठी औषध घेऊ लागलेला मनुष्य पहिल्या काही दिवसांतच बहुधा एका पेचात सापडतो. त्यास मळमळते, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणाने राग येतो. आणि या साऱ्याचा दोष तो औषधास देऊन मोकळा होतो. औषध सुटते आणि चार दिवसांनी विडी पुन्हा हाती येते. वस्तुतः यांतील काही त्रास औषधाचा असतो, काही निकोटिन तुटल्याचा, तर काही अगदी तिसऱ्याच कारणाचा. ही निवड करता आली, तर पुष्कळसा त्रास औषध न सोडताही आटोक्यात आणता येतो.

निकोटिनयुक्त च्युइंगगमचेच उदाहरण घ्यावे. पाणबुडीत धूम्रपानास मनाई असे. तेव्हा खलाशी तंबाखू चघळून तलफ भागवीत. स्वीडनमधील लुंड येथील क्लेस लुंडग्रेन यांनी ही गोष्ट हेरली व १९६७ साली ओव्हे फेर्नो या रसायनशास्त्रज्ञास कळविली. त्यातून हे च्युइंगगम जन्मास आले. ते साध्या च्युइंगगमसारखे भराभर चावले, की सुटलेले निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. मग उचक्या लागतात, छातीत जळजळते आणि जबडाही दुखतो. शिवाय पोटात गेलेल्या निकोटिनाचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होत असल्याने तलफ ती तशीच राहते. म्हणून तोंडात चुणचुण जाणवेपर्यंतच ते सावकाश चावावे, नंतर गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावे, चुणचुण ओसरली की पुन्हा चावावे. तंबाखूची चिमूट गालात धरणाऱ्यास ही रीत निराळी शिकवावी लागत नाही! कॉफी किंवा फळांचा रस यांनी तोंड आम्लधर्मी होते व निकोटिन गालातून शोषले जात नाही. यास्तव आधीची पंधरा मिनिटे काही खाऊ-पिऊ नये.

त्वचेवर लावावयाच्या निकोटिनच्या पट्टीने कातडीस खाज सुटते. तीवर उपाय म्हणजे रोज जागा बदलणे. रात्री स्वप्ने पडून झोपमोड होत असेल, तर निजताना पट्टी काढून ठेवता येते.

व्हॅरेनिक्लिन हे औषध निराळ्या प्रकारचे आहे. लॅबर्नम वृक्षाच्या बियांत सापडणाऱ्या सिटिसिन या द्रव्याच्या धर्तीवर ते तयार करण्यात आले. मेंदूतील ज्या ग्राहकांवर निकोटिन बसते, त्यांच्यावरच ते बसते. त्यांना थोडेसे चेतविते, परंतु निकोटिनास जागा देत नाही. अमेरिकेत त्यास २००६ साली मान्यता मिळाली. त्याचा मुख्य उपद्रव म्हणजे मळमळ. चाचण्यांत पूर्ण मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिसांना ती जाणवली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही सुमारे दहांना जाणवलीच. हे औषध सामान्यतः धूम्रपान थांबविण्याच्या एक आठवडा आधी सुरू करतात. तेव्हा त्या आठवड्यात मनुष्य पूर्वीप्रमाणे विडी ओढत असूनही मळमळ सुरू झाली, तर तो दोष विडी सोडण्यावर टाकता येत नाही. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमपासून क्रमाक्रमाने वाढविणे आणि गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेणे, एवढ्याने अनेकांचे भागते. न भागल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात.

या औषधाने मन बिघडते, अशी भीतीही होती. २००९ साली अमेरिकेत त्याच्या वेष्टनपत्रावर ठळक इशारा छापण्यात आला. पुढे ८,००० हून अधिक लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत निकोटिनची पट्टी वा खोटी गोळी यांच्या तुलनेने असा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही, आणि त्याच वर्षी तो इशारा काढण्यात आला. तरीही आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास किंवा वागणूक एकाएकी पालटल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे, हे घरच्या माणसांसही ठाऊक असावे.

ब्युप्रोपिऑनने तोंड कोरडे पडते व झोप उडते. दुसरी गोळी पहिलीनंतर निदान आठ तासांनी, पण निजण्याच्या बरीच आधी घ्यावी. हजारात सुमारे एकास त्याने आकडी येते. अपस्माराच्या रोग्यास म्हणूनच ते देत नाहीत.

आता ते तिसरे कारण. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्ये यकृतातील एका एंझाइमास उत्तेजित करतात आणि त्यामुळे चहा-कॉफीतील कॅफीन लवकर नाहीसे होते. धूर थांबला, की काही दिवसांत हा वेग मंदावतो. पूर्वीइतकेच पेले घेतले, तरी रक्तातील कॅफीन सुमारे दुप्पट होते. हात कापणे, धडधड, निद्रानाश हे सारे त्याचेच चाळे असू शकतात, आणि शिव्या मात्र गोळीस बसतात. अशा वेळी चहा निम्म्यावर आणावा. हा परिणाम निकोटिनाचा नसून धुराचा असल्याने पट्टी लावणाऱ्यांतही तो दिसतो. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मनोविकारासाठी क्लोझॅपिन घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर होय. त्या औषधांचे रक्तातील प्रमाणही असेच वाढते. म्हणून धूम्रपान सोडण्याचा दिवस ठरला, की ती मात्रा देणाऱ्या डॉक्टरांस तो आधीच कळवावा लागतो.